यादी उनी का?

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात निम्मा खानदेश राहतो. तो ताप्ती लाइनने आला. अमळनेर, नंदुरबार, नवापूर करत उधन्याला उतरला, लूमच्या संच्यावर उभा राहिला, आणि पुढच्या वर्षी गावी जायचं म्हणत म्हणत इथेच घरं बांधून बसला. पालिकेच्या मराठी शाळेत शिकवायला म्हणून मी या वस्तीत काही वर्षं काढली. माणसांचे नमुने पुष्कळ भेटले. भिशी चालवणारे होते, वर्गणीचं पुस्तक घेऊन बारमाही दारात उभे असणारे होते, गावाकडची जमीन दर दिवाळीला विकायला काढून न विकणारे होते. पण लिहावंसं वाटलं ते एकाच जातीबद्दल. या जातीच्या माणसाला देशाचं अण्वस्त्र धोरण कलमांसकट पाठ असतं आणि तो कशावरही सही करत नाही.

आमच्या गल्लीत हे पद जिभाऊंकडे होतं. खानदेशात थोरल्या भावाला जिभाऊ म्हणतात. यांना मात्र धाकट्या भावंडांपासून दूधवाल्यापर्यंत सगळेच जिभाऊ म्हणत. अंगात बंडी, कमरेला लुंगी, हातात 'गुजरातमित्र' दैनिकाची घडी. आयुष्य संच्यावर गेलेलं असल्यामुळे आवाज कायम खात्यातला, म्हणजे दोनशे लूम चालू असताना पलीकडच्या माणसाला ऐकू जाईल असा. 'ही गोष्ट अत्यंत गुप्त शे' हे वाक्य ते ज्या पट्टीत म्हणत, त्या पट्टीत ते 'तीन रस्ता' नाक्यापर्यंत पोचत असे.

त्यांचा अधिकार वाचनातून आलेला नव्हता, घमेल्यातून आलेला होता. काकरापारच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू असताना एकदा खात्यात मंदी आली. तेव्हा जिभाऊ एका मुकादमाच्या मागे व्याऱ्याकडे गेले आणि काही महिने सिमेंट वाहून परत आले. त्यातून 'मी अणुशक्तीमा व्हतू' हे वाक्य तयार झालं. ते खोटं आहे असं कोणाला सिद्ध करता येत नव्हतं. १९९३ साली पहिली अणुभट्टी व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागली, १९९५ साली दुसरी. दोन्ही २२० मेगावॉटच्या. पुढे अमेरिकेशी समझोता करताना भारताने आपल्या अणुभट्ट्या नागरी आणि लष्करी अशा वेगळ्या काढल्या आणि काकरापारच्या या दोन्ही नागरी बाजूला गेल्या. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तिथे तपासणीला येणार हे वाचल्यावर जिभाऊंनी गल्लीत पेढे वाटले. 'व्हिएन्नाथून साहेब येतस, मन्हं सिमेंट देखाले.' ११ मार्च २०१६ ला पहिल्या युनिटमध्ये जड पाण्याची गळती झाली आणि आणीबाणी जाहीर करावी लागली, त्या दिवशी ते घराबाहेर पडले नाहीत. संध्याकाळी मी गेलो तर म्हणाले, 'मास्तर, गळती नळीमा शे. घुमट पक्का शे.' घुमट त्यांच्या खात्यात होता.

आता सहीबद्दल. सोसायटीचा ठराव असो, गॅसच्या पाइपलाइनचा अर्ज असो, नातवाचं प्रगतिपुस्तक असो, जिभाऊ सही करत नसत. प्रगतिपुस्तकाचा अनुभव माझाच आहे. पालकाच्या सहीच्या जागी सुवाच्य अक्षरात 'वाचलं. मान्य शे.' एवढं लिहिलेलं असे. नातवाला शाळेत बोलावून विचारलं, तर पोरगा म्हणाला, आजोबा म्हणतात शब्द देऊ, सही देणार नाही. गंमत अशी, की मेंटेनन्सचे पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला येत ते फक्त जिभाऊंचे. ज्यांनी ठरावावर लफ्फेदार सह्या केल्या होत्या, ते सचिवाला चुकवून मागच्या गल्लीतून जात.

हे त्यांनी कुठून उचललं ते लपलेलं नव्हतं. १९६८ साली अण्वस्त्र प्रसारबंदीचा करार सह्यांसाठी खुला झाला. १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्यांनी स्फोट केला ते पाच देश अधिकृत, बाकीच्यांनी बाँबचा नाद सोडल्याचं लिहून द्यायचं. कट-ऑफ तारीख म्हणजे काय हे लिंबायतच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. भारताने सही केली नाही. १९७४ मध्ये पोखरणला स्फोट करून त्याला शांततामय म्हटलं. १९९६ साली जिनिव्हात सर्वंकष चाचणीबंदीचा करार आला. तो लागू व्हायला ज्या ४४ देशांची मंजुरी हवी होती, त्यांत आपल्या देशाचं नाव आपली संमती नसताना घातलेलं होतं. अरुंधती घोष यांनी तिथे उभं राहून सांगितलं की भारत यावर सही करणार नाही, आत्ता नाही आणि नंतरही नाही. १९९८ च्या मे महिन्यात पुन्हा स्फोट केले, आणि मग स्वतःहून जाहीर केलं की आता चाचण्या बंद. करारावर सही नाही ती नाहीच, पण तेव्हापासून चाचणीही नाही. जिभाऊंना हे वागणं इतकं ओळखीचं वाटलं, की परराष्ट्र मंत्रालयात कोणीतरी अमळनेरचा असला पाहिजे असा त्यांचा पक्का समज होता.

एका माणसाबद्दल मात्र त्यांचं मन दुभंगलेलं होतं. मोरारजी देसाई १९५७ पासून सलग सुरतेचे खासदार होते आणि सुरतेचे खासदार असतानाच १९७७ मध्ये पंतप्रधान झाले. पुढच्या वर्षी जानेवारीत जिमी कार्टर दिल्लीत आले. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या इंधनासाठी अमेरिकेला जास्त तपासणी हवी होती, मोरारजी ऐकेनात. याला परत गेल्यावर एक थंड, सडेतोड पत्र लिहू या, असं कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांच्या कानात म्हणाले आणि नेमका माइक चालू होता. हा प्रसंग जिभाऊ मिटक्या मारत सांगत. सही न करणारा माणूस, तोही आपल्या मतदारसंघाचा! पण त्याच मोरारजींनी जून १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण अधिवेशनात सांगितलं की भारत अण्वस्त्र बनवणार नाही, जगाने बनवलं तरी नाही. इथे जिभाऊंचा आवाज पहिल्यांदा माणसाच्या पट्टीत येई. शिवाय संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या गोळीबाराचा हिशेब होताच, तो खानदेशातून येताना त्यांनी ट्रंकेत घालून आणला होता. तेव्हा मोरारजींचा विषय निघाला की जिभाऊ अर्धा तास स्तुती करत, अर्धा तास शिव्या देत, आणि दोन्हींत त्यांचा एकच फोटो दाखवत.

त्यांच्या धोरणाची खरी प्रयोगशाळा घरालाच लागून होती. आमच्या सोसायटीत रो-हाऊस होती, दोन घरांत एकच भिंत. जिभाऊंच्या पलीकडे एक सुरती काका राहत, अस्सल गोपीपुऱ्याचे, काही घरगुती वाटणीनंतर इकडे आलेले. भिंतीची जाडी नऊ इंच. ही नऊ इंच कोणाच्या जागेतली, हा वाद मी तिथे जाण्याच्या कितीतरी आधीचा. भिंतीच्या पुढे दोघांचे ओटे, आणि दोन्ही ओटे रस्त्यात दीड-दीड हात पुढे आलेले. म्हणजे भांडण नऊ इंचांचं आणि अतिक्रमण दोघांचं सारखं.

या दुसऱ्या गोष्टीवर सगळा समतोल उभा होता. पालिकेकडे तक्रार केली तर बुलडोझर येणार, आणि तो एका ओट्यापुरता येत नसतो. काकांच्या टेबलाच्या खणात जिभाऊंच्या ओट्याविरुद्धचा अर्ज तयार होता. जिभाऊंच्या ट्रंकेत काकांच्या ओट्याविरुद्धचा. दोघांनी तो एकमेकांना वाचून दाखवलेला होता. एकदा मी विचारलं, 'जिभाऊ, समजा रागाच्या भरात तुमच्या हातून अर्ज गेलाच तर?' ते माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत राहिले. मग ट्रंक उघडून अर्ज दाखवला. खाली सही नव्हती. 'आपला बॉम्ब आन् आपलं क्षेपणास्त्र येगयेगळं ठेवतस म्हनतस ना? तसं शे. अर्ज आठे. सही मन्हा हातमा. आन् ट्रंकनी चावी तुमनी वहिनीकडे.' वहिनींनी स्वयंपाकघरातूनच सांगितलं की चावी हरवून तीन वर्षं झाली, ट्रंक उघडीच असते.

हा अर्जांचा धाक होता तोवर मोठं काही घडत नव्हतं, पण बारीकसारीक रोज घडत होतं. मोटरची वायर तुटलेली सापडे, तुळशीवर साबणाचं पाणी पडे, स्कूटरची हवा जाई. मग कारगिलचं वर्ष आलं. ३१ डिसेंबर १९९९ ला कंदाहारहून अपहृत विमानातले ओलीस सुटले, सगळा देश संतापलेला होता. आणि दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी २००० ला, भारत आणि पाकिस्तानने आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना दिल्या. बातमी कुठल्यातरी आतल्या पानावर चार ओळींची होती. जिभाऊंनी ती कापून भिंतीला चिकटवली, त्याच नऊ इंच भिंतीला.

या याद्यांमागचा करार ३१ डिसेंबर १९८८ चा. राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या भेटीत झाला, २७ जानेवारी १९९१ ला लागू झाला. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, आणि कोणती केंद्रं ते कळावं म्हणून दर १ जानेवारीला त्यांची यादी अक्षांश-रेखांशांसह एकमेकांना द्यायची. दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी. पहिली यादी १९९२ मध्ये गेली. संसदेवरच्या हल्ल्यानंतर दोन्ही सैन्यं सरहद्दीवर समोरासमोर उभी होती तेव्हाही गेली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पाच आठवड्यांनीही गेली. २०२५ च्या १ जानेवारीला चौतिसावी गेली. बोलणी थांबली, बस थांबली, क्रिकेट थांबलं, राजदूत परत बोलावले गेले. यादी थांबली नाही. मला विचाराल तर या उपखंडात शस्त्रनियंत्रण म्हणून जे काही टिकलं आहे, त्यात इतकं अळणी आणि इतकं चिवट दुसरं काही नाही. त्यावर कोणी सिनेमा काढत नाही, कारण त्यात कोणी मरत नाही.

जिभाऊंनी त्याच आठवड्यात काकांसमोर प्रस्ताव मांडला. भांडण चालू राहील, नऊ इंचांवरचा हक्क कोणी सोडणार नाही, पण काही वस्तूंना हात लावायचा नाही. कोणत्या, त्याची यादी दर वर्षी १ जानेवारीला. काका पक्के सुरती. त्यांनी आधी एक सणसणीत शिवी दिली, मग विचारलं, 'एमां खर्चो केटलो?' खर्च काही नाही म्हटल्यावर लगेच तयार झाले.

ती देवघेव मी पाहिली आहे. १ जानेवारीला सुरतेत पोंकचा हंगाम असतो, ज्वारीचा कोवळा हुरडा, बरोबर लिंबू-मिऱ्याची शेव. सकाळी सातला जिभाऊ आपल्या ओट्यावरून ओरडत, 'यादी उनी का?' पलीकडून काका, 'तमारी आवी?' मग दोघं एकाच क्षणी हात पुढे करत. आधी कोणाचा कागद पोचला असं होऊ नये म्हणून नातवाला एक-दोन-तीन म्हणायला उभं केलेलं असे. जिभाऊंच्या यादीत पाण्याची मोटर (दारापासून सात पावलं, डावीकडे), तुळस (दोन पावलं), स्कूटर, विजेच्या मीटरची पेटी आणि संच्याचा जुना धोटा, जो त्यांनी काचेत बसवून देवांशेजारी टांगला होता. काकांच्या यादीत हिंचका, पोपट, गच्चीवर उन्हात ठेवलेल्या लोणच्याच्या बरण्या. पावलं काकांनी मोजली नव्हती, म्हणून पहिल्या वर्षी कागद परत गेला. रेखांशाशिवाय यादी होत नाही.

पहिल्या सरकारी याद्यांच्या वेळीही समोरच्याने काहीतरी झाकलं आहे अशी कुजबुज दोन्ही बाजूंना झाली होती. इथेही झाली. काकांच्या जिन्याखालच्या खोलीचा यादीत उल्लेख नव्हता. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे त्या खोलीत काय आहे हे कागदावर आणणं कोणालाच परवडणारं नव्हतं. जिभाऊंना ते ठाऊक होतं का? होतं. अधूनमधून शनिवारी संध्याकाळी ते स्वतः तपासणीला जात आणि 'आक्षेपार्ह काही आढळलं नाही' अशा चेहऱ्याने परत येत.

यादीत वस्तू होत्या, माणसं नव्हती. त्यामुळे मोटर सुरक्षित, पण मोटरच्या मालकाला वाटेल ते बोलायला मोकळीक. आणि १४ जानेवारी, म्हणजे उत्तरायण, तर तेरा दिवसांवर. दोन्ही गच्च्यांवर सुरती मांजा चढे, त्या दिवशी काय काय कापलं जाई ते इथे लिहीत नाही.

बोलण्याच्या बाबतीत जिभाऊंचं धोरण 'पहिला वापर नाही' हे होतं. सरकारने ऑगस्ट १९९९ मध्ये मसुदा काढला आणि ४ जानेवारी २००३ ला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने तो पक्का केला: अण्वस्त्र आपण आधी वापरणार नाही, पण कोणी वापरलं तर प्रत्युत्तर असं की समोरच्याला सोसणार नाही. जिभाऊंनी 'अण्वस्त्र'च्या जागी 'शिवी' वाचलं. अडचण एवढीच होती, की सुरती माणूस शिवी देतो ती हल्ला म्हणून देत नाही. 'चा पीधी?' विचारतानाही आधी एक आणि नंतर एक असते. मग काका सकाळी ओट्यावर येऊन जे म्हणाले तो हल्ला धरायचा की नमस्कार? जिभाऊ हातात ब्रश तसाच धरून उभे राहत, पेस्टचा फेस हनुवटीवर. अशा वेळी त्यांना पेट्रोव्ह आठवे. सोव्हिएत रशियाचा तो लष्करी अधिकारी, ज्याच्या पडद्यावर सप्टेंबर १९८३ मध्ये अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं दिसली आणि ज्याने ठरवलं की युद्ध सुरू करणारा पाचच कशाला सोडेल, यंत्राचंच चुकत असणार. ढगांवरून परतलेला सूर्यप्रकाश होता तो. जिभाऊ मनातल्या मनात काकांच्या शिव्या मोजत. पाचच्या आत असतील तर सूर्यप्रकाश.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह पोखरणला जाऊन म्हणाले, की आजवर धोरण पहिला वापर नाही हेच आहे, पुढे काय ते परिस्थितीवर अवलंबून. त्या रात्री जिभाऊ माझ्याकडे आले. काही बोलले नाहीत. मग हळूच विचारलं, 'म्हणजे मी आधी दिली तर चालंल का, मास्तर?' इतक्या वर्षांच्या संयमाचं ओझं मला त्या प्रश्नात दिसलं. मी म्हटलं, अजून धोरण बदललेलं नाही. ते निराश होऊन गेले.

शिवाजी महाराजांचा विषय हा या गल्लीतला सगळ्यात नाजूक. सुरतेत राहायचं, सुरती शेठकडे काम करायचं, आणि महाराजांबद्दल छाती फुगवायची, याला एक कसब लागतं. शिवजयंतीला काका मुद्दाम ओट्यावर येऊन बसत. जिभाऊ खाकरून सांगत, 'हे पाहा, जानेवारी १६६४. महाराजांनी आधी निरोप धाडला. सुभेदाराला आणि मोठ्या व्यापाऱ्यांना सांगितलं, या, बसा, बोलू. इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि वकील म्हणून पाठवला तो कट्यार घेऊन आलेला माणूस. आता सांगा, पहिला वापर कुणाचा?' काका म्हणत, 'ने सित्तेरमां?' १६७० ला पुन्हा आले त्याचं काय? इथे जिभाऊ विषय काकरापारवर नेत.

अणुपुरवठादार गटाबद्दल ते फार बोलत नसत. दुखरी जागा होती. १९७४ चा आपला स्फोट पाहून जो गट जन्माला आला त्याने २००८ मध्ये आपल्याला सूट दिली, पण सभासद करायची वेळ आली तेव्हा २०१६ मध्ये सोलच्या बैठकीत चीन आडवा आला. सोसायटीची पाणी समितीही जिभाऊंनी सरळ लाइनला मोटर लावली म्हणून स्थापन झाली होती. तिच्यात ते कधीच नव्हते. सभासदत्वासाठी अर्जावर सही लागत असे.

२०२५ च्या ७ मे ला पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं आणि त्याच संध्याकाळी नागरी संरक्षणाची रंगीत तालीम ठरलेली होती. केंद्राच्या यादीत गुजरातेतली पहिल्या श्रेणीची ठिकाणं तीनच: सुरत, वडोदरा आणि काकरापार. मी तेव्हा सुटीत तिथेच होतो. दिवे गेले. इतका काळोख लिंबायतने एरवी फक्त वीज मंडळाच्या कृपेने पाहिलेला. दोन्ही ओट्यांवर माणसं बसली होती. कोणीतरी विचारलं, काकरापार इथून ऐंशी-एक किलोमीटर, काही झालं तर? जिभाऊंचा खात्यातला आवाज अंधारातून आला, 'कसाले भेतस? यादी शे ना! वीज बनवनारी अणुभट्टी शे, करारमा येसच. तठे कोणी हात लावाव नही.'

काका बराच वेळ गप्प होते. मग शिवीशिवाय, त्यामुळे सगळ्यांना दचकायला झालं, म्हणाले, 'ने सुरतनुं नाम छे, लिस्टमां?'

सुरतेचं नाव कसं असेल. यादी अणुकेंद्रांची आहे. जिथे माणसं राहतात त्या ठिकाणांची यादी अजून कोणी कोणाला दिलेली नाही. जिभाऊंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. दिवे आले तेव्हा दोघं आपापल्या ओट्याच्या त्या वादग्रस्त टोकाला, भिंतीला टेकून बसलेले होते आणि कोणीही कोणाच्या बाजूला झुकलेलं नव्हतं.

त्या पावसाळ्यानंतर काका मुलाकडे वेसूला राहायला गेले आणि घर विकलं. घेणारा वराछाचा हिऱ्याचा कारागीर, मूळचा अमरेलीकडचा, तिशीतला. जिभाऊंना काळजी पडली. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा युक्रेन, बेलारूस, कझाकस्तानच्या हातात अण्वस्त्रं राहिली होती, ती परत जाईपर्यंत जगाला झोप नव्हती. इथे नव्या मालकाच्या हातात काकांचा तो अर्ज लागला असला तर? घराची पूजा झाली त्याच संध्याकाळी जिभाऊ जुन्या याद्यांची फाइल घेऊन गेले. मला साक्षीला नेलं. त्या पोराने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. काकांचा अर्ज त्याला खणात सापडला होता. पूजेच्या वेळी धूप पेटेना म्हणून वापरला, म्हणाला. जिभाऊ खुर्चीत जरा मागे रेलले. एकतर्फी निःशस्त्रीकरण त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं आणि आता आपल्या ट्रंकेतल्या अर्जाचं काय करायचं हे त्यांना कळेना.

'तुझी यादी?' त्यांनी विचारलं.

पोराने एकच वस्तू सांगितली. 'कॅमेरो.' दारावर नवा सीसीटीव्ही बसवला होता, त्याला कोणी हात लावायचा नाही आणि त्याच्यापुढे काही आडवं यायचं नाही.

जिभाऊ उठून उभे राहिले. 'अरे, हे तर १९७२ चं कलम शे!' अमेरिका आणि सोव्हिएत संघाने क्षेपणास्त्रविरोधी करार केला त्यात लिहून ठेवलं होतं, की एकमेकांवर नजर ठेवणाऱ्या उपग्रहांच्या कामात अडथळा आणायचा नाही, आणि मुद्दाम काही झाकून ठेवायचं नाही. पोराला उपग्रहाचं काही कळलं नाही, पण आपली मागणी रास्त आहे एवढं कळलं. त्याने मोबाइलवर चित्र दाखवलं. रस्ता दिसत होता, दोन्ही ओटे दिसत होते, नऊ इंचांची भिंत दिसायला हवी होती त्या जागी हिरवं काहीतरी फडफडत होतं.

ते वहिनींचं लुगडं होतं. दोरी भिंतीच्या कडेला, वर्षानुवर्षं तिथेच. कलमाप्रमाणे तो अडथळा होता. जिभाऊ घरी गेले, आणि मी ओट्यावर उभा राहून ऐकलं. करार, उपग्रह, मुद्दाम झाकणे, सगळं त्यांनी एकदा समजावून सांगितलं.

वहिनी भाकरी थापत होत्या. 'लुगडं आठेच ऱ्हाई,' त्या म्हणाल्या. 'लिखी ल्या तुमनी यादीमा.'

जिभाऊ बाहेर आले, माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि ओट्यावर बसून यादीत सहावी ओळ वाढवली: 'दोरी, वाळत्या लुगड्यासह. दारापासून चार पावलं, उजवीकडे.'